शेल्याचं दुसरं टोक

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुआर्त,

तुझा फोन बंद नाही, तू फक्त माझा नंबर बंद केला आहेस. म्हणून हा कागद. आयडाहोतल्या मामाच्या गोठ्याचा पत्ता आईच्या वहीतून चोरला. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. अक्षर वाईट आहे, घाईत लिहितेय.

उन्हाळ्याच्या वर्गाचा निकाल लागला. रसायनशास्त्रात एफ. शून्य नाही, नापास. शून्य मिळालं असतं तर निदान पेपर दिला होता असं तरी म्हणता आलं असतं.

मला वाटलं होतं, पंधरा जुलैनंतर मी वर्गात गेलेच नाही, तर नाव आपोआप कटलं असेल. हायस्कुलात तीन दिवस गैरहजर राहिलं की हजेरीवाली बाई घरी फोन करते, आईला ओरडते, आणि मुलगी नाहीच आली तर नाव काढून मोकळी होते. कॉलेजात तसं नसतं म्हणे. तिथे आपलं नाव आपणच काढायचं, ठरलेल्या तारखेच्या आत. तारीख होती चोवीस जुलै. चोवीस जुलैला मी कुठे आणि कशी होते ते तुला माहीत आहे.

आता हा एफ कॉलेजच्या दप्तरात जन्मभर राहणार. डेव्हिस विद्यापीठाच्या अर्जात असा प्रत्येक वर्ग लिहावाच लागतो. लपवला तर प्रवेश मिळाल्यावरसुद्धा हाकलतात. आपल्या शाळेचे रसायनाचे सर सोडून गेले, जागा रिकामीच राहिली, आणि जनावरांची डॉक्टर व्हायचं तर तो विषय हवाच, म्हणून मी सुट्टीतला वर्ग घेतला. सगळे म्हणत होते, कॉलेजचा वर्ग घे, अर्जाला वजन येतं. आलं वजन. दगडाचं.

बाबांना मी निकाल सांगितला. ते हसले. ‘सुट्टीतली शाळा मठ्ठांची असते,’ म्हणाले. ‘दुआर्तने केली ना दोनदा! आता तूही त्याच्याच रांगेत.’ मी म्हटलं, त्याची नापास झालेल्यांची होती, माझी पुढे जाणाऱ्यांची होती. ते म्हणाले, ‘मग पुढे जाऊन नापास झालीस, एवढंच.’

खरं तर तू समोर असतास तर मी हे काही लिहिलं नसतं. दुधाची बरणी तुझ्या डोक्यात घातली असती.

लिओनोर


१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुआर्त,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण काम आहे.

शाळेच्या सल्लागार शाँग बाईंनी मला बोलावलं. तुला त्या आठवत असतील. ठेंगण्या, चष्म्याला दोरी. तुला त्या दर महिन्याला बोलवायच्या आणि तू मागच्या दाराने पळायचास. कागद पुढ्यात ठेवून म्हणाल्या, ‘तीन वर्षं सगळीकडे ए, आणि मधेच हा. काय झालं?’

‘जाणं झालं नाही.’

‘का?’

‘घरी काम होतं.’

‘लिओनोर, मी वीस वर्षं हे कागद वाचतेय. कारण न दिलेला एफ म्हणजे आळशी मुलगी. कारण दिलेला एफ म्हणजे संकटातली मुलगी. तिकडे अर्ज वाचणाऱ्याला यापलीकडे तुझ्याबद्दल काही कळत नाही.’

मग त्यांनी एक वाट दाखवली. कॉलेजात उशिरा नाव काढण्याचा अर्ज करता येतो. मंजूर झाला तर एफ जातो आणि ‘मधेच सोडला’ एवढाच शेरा राहतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण माझ्या हाताबाहेरचं कारण हवं, आणि त्याला डॉक्टरचा कागद हवा.

डॉक्टरचा कागद कुठून आणू? आपल्याकडे हाड मोडलं की दवाखाना नाही, लुसियानो म्हातारा. बैलांच्या खेळात रिकाम्या हातांनी बैलासमोर उभ्या राहणाऱ्या तुमच्या आठ जणांची हाडं तो बसवतो, म्हणून मीही त्याच्याच ओसरीवर. अंड्याचा पांढरा बलक, पीठ आणि चिंध्या. वर दारूचा एक घोट. त्याने विचारलंसुद्धा नाही, मुलीच्या हाताशी बैल कसा आला म्हणून.

आता खरं सांगते. मागच्या पत्रातलं अक्षर घाईमुळे वाईट नव्हतं. उजवा तळवा वर वळत नाही. सुटे पैसे घ्यायला मी डावा हात पुढे करते. पेन धरलं की पाच ओळींनंतर अंगठा बधिर होतो. ही पाचवी ओळ नाही, पन्नासावी असेल. म्हणजे किती वेळा थांबले ते मोज.

डॉक्टरचा कागद नसेल तर पाहिलेल्या सज्ञान माणसाचं लेखी चालतं, सरकारी शिक्क्यासमोर सही केलेलं. त्या सकाळी अंगणात सज्ञान माणसं तीन. बाबांना विचारलं. म्हणाले, ‘मी काही पाहिलं नाही.’ त्यांच्या हातात पाण्याची नळी होती, दुआर्त. पाणी त्यांच्या बुटांवर वाहत होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. आईला विचारलं. ती म्हणाली, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा.’ माझी मूठ झाकतच नाही, आई, पूर्ण मिटतच नाही, असं मी म्हटलं तेव्हा ती कणीक मळायला लागली.

राहिलास तू. फार काही मागत नाही. एवढंच लिही: ‘पंधरा जुलैला सकाळी सातच्या सुमारास पिकअपच्या दारात माझ्या बहिणीचा हात सापडला. मी तिथे होतो.’ दार कुणी लावलं ते लिहू नकोस. दारं आपोआपही लागतात.

शाँग बाईंनी मनगट पाहिलं. मी बाही ओढली. त्या म्हणाल्या, ‘तू मला सांगशील ते सगळंच मला माझ्यापाशी ठेवता येईल असं नाही. काही गोष्टी ऐकल्या की मला पोलिसांना फोन लावावाच लागतो, कायदा आहे. म्हणून सांगायच्या आधी विचार कर.’ मी विचार केला आणि गप्प बसले. तुझ्यासाठीच गप्प बसले, दुसऱ्या कुणासाठी?

लिओनोर


११ ऑक्टोबर, शनिवार

तर निरोप आला. मला नाही, आईच्या फोनवर, लिहून. ‘जानेवारीत शेरीफच्या शाळेत माझं नाव लागलंय. माझी सगळी चौकशी होणार. असल्या कागदावर मी सही करणार नाही. तिला सांग, गायीने लाथ मारली म्हण.’ आणि खाली आणखी एक: ‘झालं ते तिच्यामुळेच. तिने शेला धरला नाही.’

तू पोलीस होणार! लोकांच्या घरात शिरून विचारणार, इथे मारहाण कोण करतं?

बरं. शेल्याचं बोलू.

हो, मी धरला नाही. बारा वर्षांची होते तेव्हापासून धरत आले. चार मीटर लाल कापड. एक टोक तुझ्या कमरेला, दुसरं माझ्या मुठीत, मी मागे रेलून ताणायचं आणि तू गिरक्या घेत माझ्याकडे यायचं. शेवटच्या गिरकीला तुझं नाक माझ्या कपाळाला लागायचं आणि तू म्हणायचास, ‘झालो भिंत.’ तीच भिंत घेऊन तू आठांत सर्वांत पुढे उभा राहायचास आणि बैल छातीवर घ्यायचास. पाच वर्षांत तुझी एक बरगडी मोडली नाही. मला त्याचा किती गर्व होता ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय?

त्या सोमवारी, खेळाच्या दिवशी, तू संध्याकाळी पाच वाजता पांढरे मोजे चढवून माझ्या दारात आलास.

‘चल गं, टोक धर.’

‘उद्या आठला परीक्षा आहे. निम्मे मार्क तिचेच. आज सात जण आहेत तुझ्याबरोबर, कुणाचे तरी हात रिकामे असतील.’

‘दर वेळी तूच धरतेस.’

‘दर वेळी परीक्षा नसते.’

‘कॉलेजवाली!’ म्हणालास आणि तिथेच उभा राहिलास. मी तुझ्या तोंडावर दार लावलं. ते मी विसरलेले नाही.

पुढचं मी तिथे नसून पाहिलं. रात्रीच्या जेवणाआधी तीन जणींनी मला चित्रफीत पाठवली होती. कुणा नव्या पोराने शेला गुंडाळला होता, पोत्याला सुतळी बांधावी तसा. पहिल्या धडकेत तो सुटला आणि लाल आतडं बाहेर यावं तसा तुझ्या मागे फरफटत गेला. दुसऱ्या वेळी तू त्याच्यावरच पाय दिलास, आडवा झालास, आणि बैल तुझ्या बरगड्यांवरून चालत गेला. तिसऱ्या वेळी बाबांनी, आठांचा म्होरक्या म्हणून, तुला मागे घेतलं आणि आठांतल्याच अदेलिनोला पुढे केलं. रिंगणाच्या फळ्यांच्या आडोशाला त्यांनी तुला थोबाडीत मारली. आडोसा कसला, अर्धं गाव बघत होतं. ‘शेला नेसता येत नसेल तर परकर घाल!’ ते वाक्य मला ऐकू आलं. तू खाली बघत होतास आणि तुझ्या नाकातून रक्त येत होतं, ते बैलाने काढलं की बाबांनी, कळत नव्हतं.

मला तेव्हा तुझी दया आली, दुआर्त. मी पुस्तक मिटून रडले.

सकाळी वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी पिकअपमध्ये पिशवी ठेवली, चढायला दाराच्या चौकटीवर हात ठेवला. तू धारा काढून आलास, एका हाताने बरगड्या धरून.

‘परीक्षेला?’

‘हो.’

‘जा की मग,’ म्हणालास आणि दार लावलंस. लावलंस कसलं, घातलंस. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले. तू दार उघडलंस. मग आई आली, टॉवेल बांधला, आणि तू त्या आठवड्यातच मामाकडे निघून गेलास.

एवढंच. यात गाय कुठे आहे?

लिओनोर


३ नोव्हेंबर, सोमवार

तुझा कागद आला. शिक्का, सही, तारीख, सगळं. ‘माझ्या बहिणीला ४१२ नंबरच्या गायीने दूध काढण्याच्या खड्ड्यात लाथ मारली आणि मनगट मोडले. हे मी शपथेवर सांगतो.’

४१२ जूनमध्येच खाटकाकडे गेली. तूच तिला गाडीत चढवलंस, कान पिरगळून. मेलेल्या गायीच्या अंगावर आपली लाथ ढकललीस! तिला पुन्हा उठून ‘मी नाही’ म्हणता येणार नाही म्हणून?

बाबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘बघ, भाऊ म्हणतात तो हा. दे नेऊन कॉलेजात, सगळ्यांची सुटका.’ आई म्हणाली, ‘घे गं बाई, मिटव.’ आणि खरंच, चालला असता. शाँग बाईंना न दाखवता थेट दिला असता तर नाताळच्या आत एफ गेला असता. मी तो पिशवीत घालून तीन दिवस फिरवला.

चौथ्या दिवशी काय केलं ते सांगते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी वासरांना दूध पाजत होते. उजव्या हाताने बादली धरता येत नाही, डाव्याने धरते, सवय नाही. एका बैलवासराने, आठ दिवसांचं असेल, डोकं घातलं आणि बादली उलटली. सगळं दूध माझ्या बुटात. मी रिकामी बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. लोखंडी कड नाकपुडीवर बसली. रक्त आलं. ते मागे सरलं, कोपऱ्यात अडकलं, गुडघ्यांवर बसलं आणि माझ्याकडे पाहू लागलं. पळायला जागा नव्हती त्याला. मी पाहिलं की जागा नाही. आणि मग मी त्याला पुन्हा मारलं.

पहिल्यांदा मी मारलं तेव्हा मला कळलंच नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं कळत होतं. हात कसा वर गेला, बादली कशी फिरवली, ते डोळे मिटून वाट बघत होतं, सगळं. आणि मला बरं वाटलं, दुआर्त. एक क्षणभर इतकं बरं वाटलं की मी तिसऱ्यांदा हात उचलला. मग बादली टाकून दिली.

म्हणून आता ते लिहिते जे मागच्या पत्रात गाळलं. मी लिहिलं, ‘तू दार उघडलंस.’ ते खरं आहे. उघडलंस. माझ्या हाताकडे पाहिलंस. तो आधीच वाकडा झाला होता, आणि मला तो ओढून घेता येत नव्हता, बोटं उचलतच नव्हती. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. आणि मग पुन्हा लावलंस.

तेव्हा बाबा बोलले. दार पहिल्यांदा लागलं तेव्हा नाही, दुसऱ्यांदा. ‘पुरे आता,’ म्हणाले, ‘तिला दुपारी वासरं पाजायचीत.’

चार महिने मी स्वतःला सांगत होते, एकदाच लागलं, रागात लागलं, दारं लागतात. आता ते सांगता येत नाही. दुसऱ्यांदा काय असतं ते मला आतून माहीत झालंय. त्या वासराचं नाक सुजलंय. माझी पावलं वाजली की ते कोपऱ्यात जाऊन बसतं. मी या घरात आणखी एक वर्ष राहिले तर मला त्याची सवय होईल. बाबांना झाली, तुला झाली. मी काही वेगळ्या मातीची नाही.

मला डेव्हिसला जायचंच आहे. पण गायीच्या नावावर नाही.

लिओनोर


२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी दोन

दुआर्त,

शाँग बाईंच्या खोलीत बसून लिहितेय. पुढचा आठवडा सुट्टी, आणि अर्जाची मुदत महिनाअखेर, म्हणून आजच.

अर्ज भरला. कॉलेजच्या वर्गांच्या रकान्यात रसायनशास्त्र लिहिलं, समोर एफ. शेवटी एक मोकळी चौकट असते, आणखी काही सांगायचं असेल तर. लोक तिथे बक्षिसं लिहितात. मी लिहिलं की मी वर्ग का सोडला. नाव काढायची तारीख असते हे मला माहीत नव्हतं, ती माझी चूक, तीही लिहिली. शेल्याचंही लिहिलं, मी दार लावलं तेही. मग पिकअपचं. सगळं मिळून एका पानाच्या आत.

बाईंना म्हटलं, पाठवायच्या आधी वाचा. त्यांनी हात मागे घेतला.

‘मी वाचलं तर मला फोन करावा लागेल. तुला आधीच सांगितलं होतं.’

‘आठवतंय.’

‘तुझ्या भावावर येईल. तुझ्या वडिलांवरही.’

‘हो.’

‘आणि याने प्रवेश मिळेलच असं मी सांगू शकत नाही. कदाचित त्यांना वाटेल, ही मुलगी फार भांडकुदळ आहे.’

‘आहेच.’

त्या हसल्या नाहीत. चष्मा लावला आणि वाचलं. मग उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘तीनला शेवटची घंटा होते. शाळा रिकामी झाली की मी फोन लावेन. तोवर तुला कुणाला काही कळवायचं असेल तर कळव. आज तू घरी जाणार नाहीस, माझ्याबरोबर येशील.’ मग आपल्या डब्यातला भाताचा अर्धा भाग काढून माझ्यापुढे सरकवला. मी डाव्या हाताने खाल्ला.

मी कुणाला कळवू? आईचा फोन बाबा उचलतात. तुझा मला बंद. म्हणून हे पत्र. ते तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा ती माणसं आधीच पोचलेली असतील. इथे असतास तर तोंडावर सांगितलं असतं. दाराआडून नाही.

तुझी जानेवारीची शाळा बहुतेक गेली. मला त्याचं वाईट वाटतं. खोटं नाही लिहीत. रागही गेलेला नाही. आत्ता तू दिसलास तर मारीन की रडेन, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट तुझ्यासाठी केली. गायीचा कागद बाईंना दाखवला नाही. शपथेवर खोटं लिहिण्याची वेगळी शिक्षा असते. सकाळी संडासात त्याचे तुकडे केले, चार वेळा पाणी सोडलं. तो कागद होता हे माझ्याकडून कुणाला कळणार नाही. बाबांनी तोंड उघडलं तर माझा इलाज नाही. शेल्याचं टोक मी त्या सोमवारी धरलं नाही, ते आज एवढंच धरलं. याहून जास्त ताणायला हातात जोर नाही.

माझी पत्रं तुझ्याकडे असतील तर फाड. पहिल्यात म्हटलं होतं, शेवटपर्यंत वाचून फाड. हे शेवटचं.

वासरू कालपासून माझ्या बादलीतून प्यायला लागलंय. मी बादली खाली ठेवते आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहते, मग ते येतं. माझ्यामागे त्याला कोण पाजणार, ते मला माहीत नाही.

घंटा झाली. मुलं ओरडत बाहेर पडताहेत, सुट्टी लागली ना. बाईंनी फोन जवळ ओढला आहे.

दुआर्त, मी त्या चौकटीत ‘दोनदा’ लिहिलं आहे. तुला विचारतील. एकदा म्हणू नकोस.

लिओनोर